अस्सल, नक्कल आणि जुने डावपेचांचे खेळ

१/
एज ऑफ एम्पायर्स, सिव्हिलायझेशन, वॉरक्राफ्ट, कमांड अँड कॉन्कर. इतिहासाची गोडी पाठ्यपुस्तकांआधी या डावपेचांच्या खेळांनी लावली, असे सांगणारे कितीतरी मित्रमैत्रिणी मला इतिहासाच्या वर्गात भेटले. आज हेच खेळ मूळ सीडीवरून नव्या संगणकावर लावू पाहिले तर बहुतेक वेळा सुरूच होत नाहीत. ते का अडतात, कसे सुरू करता येतात आणि इतिहासाच्या अभ्यासकाने हा खटाटोप का करावा, याविषयी आजचा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी माझे मत स्पष्ट करते. १९९०च्या दशकातील ऐतिहासिक खेळ हे इतिहासाचे एक साधन आहे. मध्ययुगाविषयी तो फारसे विश्वसनीय काही सांगत नाही, हे मान्य. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य सुशिक्षित माणूस जगाच्या इतिहासाकडे कसा पाहत होता, हे तो फार नेमकेपणाने सांगतो. कोणते समाज मोजायचे, प्रगती कशाला म्हणायचे, परकी भूमी 'रिकामी' मानायची की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या नियमांत लिहिलेली असतात. असे साधन अस्सल प्रतीतून वाचावे, एवढाच माझा आग्रह आहे.

३/
मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा आग्रह नवा वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद टिकले. पण कागद टिकणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे. मोडी वाचणारा नसेल तर रुमालात बांधलेला कागद असून नसल्यासारखाच. सीडीचेही तसेच आहे. चकती शाबूत असते, तिच्यावरची माहितीही शाबूत असते. ती वाचून तिचा खेळ करणारे यंत्र मात्र बदललेले असते. हे यंत्र नेमके कुठे अडते, ते एकेक करून पाहू.

४/
पहिली अडचण बिटांची. १९९६ सालचा सिव्हिलायझेशन २ हा मूळ खेळ विंडोज ३.१ साठी लिहिलेला, म्हणजे १६-बिट प्रोग्राम होता. ३२-बिट विंडोजमध्ये असे जुने प्रोग्राम चालवण्याची सोय होती. ६४-बिट विंडोजमध्ये ती ठेवलेली नाही, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. त्यामुळे मूळ सीडीवरचा तो प्रोग्राम आज दाबला तर एक कोरडा संदेश येतो आणि प्रकरण तिथेच संपते. सीडीत दोष नसतो. तिची भाषा समजणारा दुभाषी घरातून निघून गेलेला असतो.

५/
दुसरी अडचण वेगाची. डॉसच्या काळातील काही खेळांनी वेळ घड्याळावर न मोजता प्रोसेसरच्या गतीवर मोजला. ४.७७ मेगाहर्ट्झच्या संगणकावर जी हालचाल डोळ्यांना सुखकर वाटे, ती नव्या संगणकावर डोळ्याचे पाते लवण्याआधी उरकते. जुन्या संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण असे, ते अनेकांना आठवत असेल. नाव वेगाचे असले तरी त्याचा खरा उपयोग जुन्या प्रोग्रामसाठी संगणक मंद करण्याचा होता. म्हणजे ही समस्या आजची नाही; जुने खेळ वाचवण्याची धडपड १९८०च्या दशकातच सुरू झाली होती.

६/
तिसरी अडचण आकाराची, आणि ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. १९९१ सालचा पहिला सिव्हिलायझेशन ३२० बाय २०० बिंदूंच्या चित्रात चाले. हे चित्र ४:३ प्रमाणाच्या काचेच्या पडद्यावर पसरले जाई, त्यामुळे प्रत्येक बिंदू रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. चित्रकाराने हे गृहीत धरूनच चित्र काढलेले असे. आजच्या पडद्यावर बिंदू चौरस असतो. दुरुस्ती न करता खेळ लावला तर माणसे बुटकी आणि वर्तुळे चपटी दिसतात. आंतरजालावर फिरणारी कितीतरी 'मूळ' छायाचित्रे अशी चपटलेली आहेत.

७/
चौथी अडचण रंगांची. १९९९ सालचा एज ऑफ एम्पायर्स २ एका वेळी २५६ रंगच वापरतो, आणि ते कोणते, याचा तक्ता तो स्वतः ठरवतो. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये पाठीमागे चालणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम त्या तक्त्यात ढवळाढवळ करू लागला. परिणामी हिरव्या गवतावर जांभळे डाग पडत आणि पाणी लाल दिसू लागे. खेळाडूंनी शोधलेला उपाय गमतीचा पण अचूक होता: टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करायचा, खेळ खेळायचा, आणि मग तो पुन्हा सुरू करायचा.

८/
पाचवी अडचण कुलपाची. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक सीड्यांवर सेफडिस्क नावाचे नक्कलरोधक कुलूप असे. मूळ चकती खोबणीत आहे की नाही, हे पाहण्यासाठी ते विंडोजच्या गाभ्यात एक प्रोग्राम बसवी. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज १० मध्ये त्याला थारा दिला नाही आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजमध्येही तो बंद केला. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता. पण ज्याने पैसे देऊन मूळ चकती विकत घेतली, नेमका त्याचाच खेळ त्या दिवशी बंद पडला.

९/
याहून जुने कुलूप अधिक रोचक आहे. पहिला सिव्हिलायझेशन मध्येच थांबून खेळाडूला विचारी की अमुक एका शोधासाठी आधीचे कोणते शोध लागतात. उत्तर खोक्यातील पुस्तिकेत असे. पुस्तिका नसेल तर खेळ पुढे सुखाने जात नसे. अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे: खेळ आणि पुस्तिका मिळून एकच साधन आहे. चकती जपली आणि पुस्तिका रद्दीत दिली, तर बखरीची मधलीच पाने गहाळ झाल्यासारखे होते.

१०/
सहावी अडचण आवाजाची. त्या काळातील अनेक खेळांचे संगीत साध्या गाण्याच्या सीडीसारखे वेगळ्या ध्वनिपट्ट्यांत नोंदवलेले असे. सीडीवरच्या नुसत्या फाइली संगणकावर उतरवल्या तर या पट्ट्या मागेच राहतात. आयएसओ स्वरूपातील प्रतिमेतही त्या येत नाहीत. त्यासाठी बिन आणि क्यू या जोड-फाइलींच्या स्वरूपात संपूर्ण चकतीची प्रतिमा काढावी लागते. खेळ चालतो, पण मुका चालतो, आणि तो आधीपासूनच मुका होता असा समज पुढच्या पिढीत रूढ होतो.

११/
सातवी अडचण सोबतीची. एज ऑफ एम्पायर्स २ चे खेळाडू ज्या मायक्रोसॉफ्टच्या 'झोन'वर एकमेकांना भेटत, तिथली सीडीवरच्या खेळांची सोय २००६ मध्ये बंद झाली. अनेक खेळांच्या खेळाडूंची गाठ घालून देणारी गेमस्पाय ही सेवा २०१४ मध्ये थांबली. घरातल्या घरात दोन संगणक जोडण्यासाठी लागणारा डायरेक्टप्ले हा विंडोजचा भाग विंडोज ८ पासून मुळात बंद असतो. तो कंट्रोल पॅनेलमधील विंडोज फीचर्सच्या यादीत 'लेगसी कंपोनंट्स'खाली जाऊन चालू करावा लागतो. शेवटची अडचण अशी एका टिचकीने सुटते. पहिल्या दोन मात्र कायमच्या आहेत.

१२/
आता उपाय. ते चार प्रकारचे आहेत, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे साधनचिकित्सेच्या नजरेने पाहावे असे मला वाटते. कारण प्रत्येक उपाय मूळ खेळाशी वेगळ्या प्रकारचे नाते ठेवतो. छायाप्रत, लिप्यंतर, पुनर्लेखन आणि सुधारित आवृत्ती असा फरक आपण कागदांच्या बाबतीत करतोच. तोच फरक इथे करायचा आहे.

१३/
पहिला उपाय एम्युलेटर. २००२ साली आलेला डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम आजच्या संगणकात एक जुना संगणकच उभा करतो: जुना प्रोसेसर, जुने व्हीजीए कार्ड, जुने साउंड ब्लास्टर. त्यातील 'सायकल्स' या आकड्याने वेग हवा तितका कमी करता येतो आणि 'अ‍ॅस्पेक्ट' ही सोय चालू केली की चपटी माणसे पुन्हा सरळ उभी राहतात. विंडोजच्या खेळांसाठी हेच काम व्हर्च्युअल मशीन करते; तिच्यात जुनी विंडोज बसवून तिच्यातच खेळ लावायचा. खेळाच्या एका अक्षरालाही हात लागत नाही. ही छायाप्रत.

१४/
दुसरा उपाय मधल्या दुभाष्याचा. सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीव्हूडू २ यांसारखे छोटे प्रोग्राम जुन्या खेळाच्या चित्रविषयक आज्ञा नव्या विंडोजला समजतील अशा भाषेत पोहोचवतात. रंगांचा गोंधळ यानेच बहुधा मिटतो. १६-बिट खेळांसाठी वाइनव्हीडीएम हा असाच मुक्त प्रकल्प आहे. सिव्हिलायझेशन २ सारख्या खेळांना तो ६४-बिट विंडोजवर बोलते करतो. मजकूर तोच, लिपी नवी. मोडीचे बाळबोध लिप्यंतर जितके विश्वासार्ह, तितकाच हा उपाय. म्हणजे बहुतांशी, पण डोळे मिटून नव्हे.

१५/
डोळे मिटून का नाही, याचे उदाहरण. एज ऑफ एम्पायर्स २ मूळ ८०० बाय ६०० बिंदूंत खेळला जाई. खेळाडूंनी तयार केलेल्या युजरपॅचमुळे तो आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर नीट बसतो. पण त्यामुळे एका नजरेत रणभूमीचा चौपटीहून अधिक भाग दिसतो. मूळ खेळात शत्रूची तुकडी अचानक पडद्याच्या कडेवरून आत शिरे. आता ती कितीतरी आधी दिसते. नियम एकही बदललेला नाही, तरी दबा धरून बसण्याचे मोल बदलले. पाठ तसाच राहिला, वाचनाचा अनुभव बदलला.

१६/
तिसरा उपाय पुनर्लेखनाचा. १९९५च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सची यंत्रणा उलगडून २००४ मध्ये ओपनटीटीडी हा मुक्त खेळ उभा राहिला. कमांड अँड कॉन्करसाठी ओपनआरए आहे. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात सिव्हिलायझेशनपासून प्रेरणा घेऊन फ्रीसिव्ह लिहिला आणि तो आजही वाढतो आहे. हे खेळ उत्तम आहेत, जिवंत आहेत. पण ते मूळ खेळाचे वंशज आहेत, मूळ खेळ नव्हेत. वंशज पाहून पूर्वजाचे चित्र रंगवण्याचा मोह टाळावा.

१७/
चौथा उपाय सर्वांत सोपा: कंपनीने काढलेली नवी आवृत्ती विकत घ्यायची. चित्रे सुरेख, आवाज स्वच्छ, काहीही जुळवाजुळव नको. बहुतेकांचा प्रवास इथेच संपतो आणि खेळण्यापुरते त्यात काही वावगेही नाही. माझा आक्षेप एवढाच की आपण या आवृत्तीला 'तोच खेळ' म्हणतो. ती सुधारित आवृत्ती आहे, आणि सुधारकाने काय बदलले हे तो तळटीपेत सांगत नाही. पुढची तीन उदाहरणे पाहा.

१८/
एज ऑफ एम्पायर्स ३ हा २००५ सालचा खेळ अमेरिका खंडावरील युरोपीय वसाहतींचा आहे. त्यातील दुसऱ्या युगाचे नाव 'कलोनियल एज', म्हणजे वसाहतयुग, असे होते. २०२०च्या नव्या आवृत्तीत ते 'कॉमर्स एज', म्हणजे व्यापारयुग, झाले. 'इरोक्वाय' आणि 'सू' ही बाहेरच्यांनी दिलेली नावे जाऊन 'होडेनोशोनी' आणि 'लाकोटा' ही त्या लोकांची स्वतःची नावे आली. नावांची दुरुस्ती मला योग्य वाटते. पण वसाहतीला व्यापार म्हणणे ही दुरुस्ती आहे की सारवासारव, यावर वर्गात तासभर वाद घालता येईल. तो वाद घालण्यासाठी २००५ ची प्रत चालू स्थितीत हवी.

१९/
दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. १९९९च्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये १३ संस्कृती होत्या आणि मध्ययुगीन जगाच्या त्या पटावर भारत नव्हता. २०००च्या विस्तारात आणखी ५ आल्या, त्यांतही नव्हता. २०१३ मध्ये, खेळाडूंनीच सुरू केलेल्या एका हौशी प्रकल्पातून, 'इंडियन्स' ही एकच संस्कृती अवतरली आणि संपूर्ण उपखंड तिच्यात कोंबला गेला. २०२२ मध्ये तिचे 'हिंदुस्तानी' असे नामांतर झाले आणि सोबत बंगाली, द्रविड व गुर्जर आले. अभाव, मग एकसाची भारत, मग प्रादेशिक भारत: पाश्चात्त्य लोकप्रिय कल्पनेतील भारताचा हा २३ वर्षांचा आलेख आहे. आजची अद्ययावत प्रत त्याचे फक्त शेवटचे टोक दाखवते.

२०/
तिसरे उदाहरण वगळण्याचे. १९९४च्या कलोनायझेशन या खेळात खेळाडू अमेरिकेत ऊस, तंबाखू आणि कापूस पिकवतो आणि शेवटी स्वातंत्र्य पुकारतो. त्यात करारबद्ध मजूर आहेत, किरकोळ गुन्हेगार आहेत, धर्मांतरित मूलनिवासी आहेत. आफ्रिकेतून आणलेले गुलाम मात्र नाहीत. उसाच्या मळ्यांचा इतिहास गुलामगिरीशिवाय सांगणारा हा खेळ त्या काळच्या सोयीस्कर विस्मृतीचा चोख पुरावा आहे. मूळ खेळ चालवून, एकेक मजूर मळ्यावर नेमून, ही पोकळी अनुभवता येते. तिच्याविषयी नुसते वाचून तो अनुभव येत नाही.

२१/
चुकासुद्धा साधन असतात. २००९च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये १७०० सालापासून मराठ्यांच्या बाजूने खेळता येते, याचा आपल्याला कोण अभिमान! पण खेळात त्या पक्षाचे नाव 'मराठा कॉन्फेडरसी', म्हणजे मराठा संघ, आहे. १७०० मध्ये असा संघ नव्हता. त्या वर्षी राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या झुंजीची सूत्रे हाती घेतली. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या संघाची कल्पना पुढच्या काळातली. ती इंग्रजी ग्रंथांतून मागे, १७०० पर्यंत, ओढली गेली. उद्या कोणी हे नाव गुपचूप दुरुस्त केले तर खेळ सुधारेल, पण पुरावा पुसला जाईल.

२२/
अस्सल प्रत पाहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे दंतकथांना लगाम. पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये आकडेमोडीच्या चुकीमुळे गांधीजींची आक्रमकता १ वरून थेट २५५ वर जाई आणि ते अणुबाँब टाकत सुटत, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात असा दोष कधी नव्हताच असे सांगितले. सिव्हिलायझेशन २ चे रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स यांच्या म्हणण्यानुसार त्यात आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या आणि गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते, इतर अनेक नेत्यांसारखेच. अण्वस्त्रांची ओढ त्यांच्या वाट्याला मुद्दाम आली ती २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये, विनोद म्हणून.

२३/
म्हणजे २०१० नंतरच्या विनोदाला १९९१चा जन्मदाखला चिकटवला गेला आणि तो जगभर खरा मानला गेला. बखरींच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. उत्तरकालीन कथा मागच्या काळात नेऊन बसवणे ही जुनीच खोड आहे. त्यावरचा उपायही जुनाच आहे: समकालीन अस्सल काढून पाहणे. इथे 'काढून पाहणे' म्हणजे डॉसबॉक्समध्ये १९९१ ची प्रत लावणे. ज्याला ती लावता येते, तो ऐकीव गोष्टीवर विसंबून राहत नाही.

२४/
'एवढे कशाला? हा सारा स्मरणरंजनाचा खेळ आहे,' असे कोणी म्हणेल. काही अंशी असेलही. पण आता नवी आवृत्ती जुनीला बाजूला सारते आहे. २००२च्या वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा ज्यांच्याकडे जुना खेळ होता त्यांनाही आंतरजालावर खेळण्यासाठी नवाच प्रोग्राम उतरवावा लागला आणि जुन्यातील काही सोयी त्यात नव्हत्या. पहिले दोन वॉरक्राफ्ट डिसेंबर २०२४ मध्ये, सुधारित आवृत्त्या आल्यानंतर, जीओजी या दुकानातून विक्रीबाहेर गेले. ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली म्हणून घरोघरच्या कपाटातील पहिली आवृत्ती कोणी काढून नेत नाही. खेळांच्या बाबतीत तेही घडू शकते.

२५/
हे टाळता येते, याचेही दाखले आहेत. स्टारक्राफ्टची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये निघाली तेव्हा १९९८चा मूळ खेळ मोफत खुला झाला. २०२०च्या कमांड अँड कॉन्करच्या नव्या आवृत्तीत एक कळ दाबून जुनी व नवी चित्रे आलटून-पालटून पाहता येतात. शिवाय तिच्या गाभ्याचा आज्ञासंच मुक्त परवान्याखाली दिला गेला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठाखाली पाठभेद दिले. खेळांच्या प्रकाशकांकडे माझी मागणी एवढीच आहे: सुधारा, पण पाठभेद सोबत द्या.

२६/
आता अवघड मुद्दा, नकलेचा. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ दूरच्या अभ्यासकांना उपलब्ध करून द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. म्हणजे खेळ विकतही नाहीत आणि ग्रंथालयातून घरबसल्या पाहूही देत नाहीत. अशा वेळी खेळ टिकतो तो हौशी नकलांवर.

२७/
नकलांना नाके मुरडण्याआधी आठवावे की सभासदाची बखर आपल्यापर्यंत पोहोचली ती नकलांमधूनच. तरीही मी चोरीचे समर्थन करणार नाही. जो खेळ विकत मिळतो तो विकत घ्यावा. २००८ पासून जीओजी हे पोलिश दुकान जुने खेळ कुलपाविना, बहुधा डॉसबॉक्ससह, विकत आहे. आपल्याकडील १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रामच्या वैध धारकाला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढू देते. म्हणजे आपल्या सीडीची प्रतिमा काढून ठेवणे हा आपला हक्क आहे. अनोळखी ठिकाणचे कुलूपतोडे प्रोग्राम मात्र टाळावेत. त्यांत विषाणू असतात, आणि फेरफार केलेली प्रत अभ्यासाला अस्सल म्हणून चालत नाही.

२८/
कायद्याकडून अपेक्षाही आहे. १९५४च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. हा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्यापुरता आहे. भारतात आज खेळ तयार होतात, त्यांत आपला इतिहासही येतो. त्यांची एक चालू प्रत कुठेतरी जमा व्हावी, ही मागणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी केली नाही तर कोणी करायची? मोडी वाचनाचे वर्ग आपण भरवतो. एम्युलेटर चालवण्याचा एक तास अभ्यासक्रमात असायला काय हरकत आहे?

२९/
तोवर आपण करू शकतो अशा पाच गोष्टी.
एक, जुन्या सीड्यांची संपूर्ण प्रतिमा आजच काढा. चकत्यांनाही आयुष्य असते.
दोन, पुस्तिका, नकाशे आणि खोकी टाकू नका; पुस्तिकेची पाने स्कॅन करा.
तीन, खेळाविषयी लिहिताना आवृत्तीचा क्रमांक लिहा. नुसते 'एज २' पुरेसे नाही.
चार, एम्युलेटर किंवा दुभाषी प्रोग्राम वापरला असेल तर त्याचे नाव आणि मांडणी नोंदवा.
पाच, छायाचित्र देताना बिंदूंचे प्रमाण तपासा.
पत्र छापताना राजवाडे जी शिस्त पाळत, तीच इथे पुरेशी आहे: ते कुठे मिळाले, कोणत्या स्थितीत आहे, हे आधी सांगायचे.

३०/
वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत होते, तेव्हा त्यांतील बरेच कागद रद्दी समजले जात. आपल्या पिढीची रद्दी माळ्यावरच्या सीडीच्या पाकिटात आहे. तुमच्या घरी अशी एखादी चकती असेल तर खेळाचे नाव, पेटीवर छापलेले वर्ष आणि पुस्तिका आहे की नाही, एवढे खाली लिहा. तो खेळ चालवताना कुठे अडलात तेही लिहा. उत्तर मला ठाऊक नसले तर इथे कोणाला तरी ठाऊक असेल.